तळ्याचं देणं

कॅरम खेळायला बसलं की पहिलं काम म्हणजे बोर्डावर पावडर मारणं. ही पावडर म्हणजे खडूची भुकटी, अशी माझी कॉलेजात जाईपर्यंत खात्री होती. हॉस्टेलवर एकदा दिवसभर पाऊस लागून राहिला होता, बोर्ड दमट झाल्यामुळे सोंगट्या अडकत होत्या, आणि मी सहज डबा उलटा करून वाचला : बोरिक पावडर. म्हणजे बोरॉनपासून केलेली. बोरॉन हा आवर्तसारणीतला पाचव्या क्रमांकाचा रहिवासी, ज्याची आणि माझी ओळख बारावीच्या परीक्षेपुरती होती.

आजीशी मात्र त्याची जुनी ओळख निघाली. तिच्या औषधांच्या डब्यात टाकणखार असायचा. तव्यावर टाकला की तो फुलायचा, त्याला ती टाकणखाराची लाही म्हणायची आणि कोणाचं तोंड आलं की मधातून लावायची. (आज कुठलाही डॉक्टर हे करू देणार नाही आणि ते बरोबरच आहे. लहान मुलांच्या पोटात बोरॅक्स जाणं धोक्याचं असतं.) सोनारही सांधा झाळताना हाच टाकणखार वापरतात. तिबेटच्या तळ्यांकाठी गोळा केलेला बोरॅक्स मेंढ्यांच्या पाठीवरच्या छोट्या पिशव्यांतून हिमालय ओलांडायचा आणि हात बदलत बदलत थेट व्हेनिसपर्यंत पोचायचा. त्याच्याबरोबर संस्कृतातला ‘टंकण’ हा शब्दही गेला आणि वाटेत त्याचं ‘टिंकल’ झालं. तुर्कस्तानात किर्का नावाच्या ठिकाणी जगातली एक प्रचंड मोठी बोरॅक्सची खाण आहे. तिथल्या कच्च्या मालाला आजही टिंकल म्हणतात.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. रात्री झोप येत नसली की मी असं काहीबाही वाचत बसतो. पण वाचता वाचता एकदा नेवाडातल्या एका फुलापाशी येऊन अडकलो आणि तिथून मला अजून नीट सुटता आलेलं नाही. प्रश्न असा आहे : जी गोष्ट कोणासाठीच तयार झालेली नाही, ती घेताना आपण कोणाचं काही देणं लागतो का?

फुलाकडे जायच्या आधी तळ्याकडे जावं लागेल. कारण भांडण आहे ते त्या तळ्याच्या गाळावरून.

बोरॉन विश्वातच कमी आहे. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ही मंडळी ताऱ्यांच्या पोटात शिजतात. बोरॉन त्या आचेत टिकत नाही. वैश्विक किरण अवकाशात तयार कार्बन-ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात, त्या अणूंचे तुकडे उडतात आणि त्या तुकड्यांत बोरॉन सापडतं. थोडक्यात, ते मूळ पदार्थच नाही, फुटलेल्या भांड्याची कपची आहे. पृथ्वीच्या कवचातही ते सगळीकडे थोडं थोडं विखुरलेलं आहे, साधारण टनाला दहा ग्रॅम. बोरॅक्सच्या शुद्ध स्फटिकात मात्र टनाला ११३ किलो बोरॉन असतं. म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. बोरॉन कुठून आलं यापेक्षा एवढं सगळं एका जागी कसं आलं, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर एका साखळीत आहे आणि साखळीतली एकही कडी निसटून चालत नाही. पहिली कडी ज्वालामुखी. शिलारस हळूहळू थंड होतो तेव्हा बहुतेक मूलद्रव्यं कुठल्या ना कुठल्या खनिजाच्या जाळीत जागा पकडतात. बोरॉनचा अणू फार लहान, नेहमीच्या खनिजांत तो बसत नाही. सगळ्यांना सीट मिळून गेल्यावर लोकलच्या दारात उभा राहिलेला प्रवासी असतो ना, तसं ते शेवटपर्यंत उरलेल्या रसात आणि त्यातून सुटणाऱ्या गरम पाण्यात राहतं. म्हणून ज्वालामुखीच्या प्रदेशातले गरम झरे आणि ज्वालामुखीची राख यांत ते जास्त सापडतं.

दुसरी कडी, खोलगट जागा. झऱ्यांचं पाणी, राखेतून झिरपलेलं पाणी, डोंगरावरून आलेलं पाणी अशा तळ्यात उतरायला हवं, ज्याला बाहेर जायला वाट नाही. नदी फुटून समुद्राकडे गेली की खेळ खलास, सगळं बोरॉन समुद्रात विरघळून जातं. तिसरी कडी, कोरडी हवा. पाऊस कमी आणि ऊन जास्त, म्हणजे पाणी उडून जाईल आणि मीठ मागे राहील.

हे कळायला आपल्याकडे लोणार आहे. लोणारच्या तळ्यालाही बाहेर वाट नाही, पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, उन्हाळ्यात काठावर क्षार पांढरे दिसतात. पण लोणार बसलंय दख्खनच्या बेसाल्टमध्ये. बेसाल्टमध्ये बोरॉन फारच कमी, आणि वर्षानुवर्षं बोरॉन ओतत राहणारे ज्वालामुखीचे झरेही तिथे नाहीत. दोन कड्या आहेत, तिसरी नाही. त्यामुळे लोणारला खार मिळतो, टाकणखार मिळत नाही.

तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात आणि कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी तिन्ही कड्या जुळल्या. तिथे तळी झाली आणि पुन्हा पुन्हा आटत-भरत राहिली. किर्काचं तळं तर एखाद्या नीट वाढलेल्या ताटासारखं आहे : कडेला कॅल्शियमचं कोलेमनाइट, त्याच्या आत कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही असलेलं युलेक्साइट, आणि मधोमध सोडियमचं बोरॅक्स. डोंगरातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम असायचं, ते काठावरच बोरेटला पकडून बसायचं. मध्यावर पोचेपर्यंत कॅल्शियम संपलेलं, मग तिथे सोडियमचं राज्य. बोरॅक्सची आणखी एक खोड आहे. ते गरम पाण्यात भरपूर विरघळतं आणि गार पाण्यात फार कमी. त्यामुळे संपृक्त झालेलं पाणी नुसतं गार पडलं तरी तळाशी स्फटिक पडू शकतात.

चौथी कडी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही. बोरॅक्स पाण्यात विरघळतं. म्हणजे तळं आटून एवढा खजिना तयार झाला तरी पुढच्या ओल्या हजार वर्षांत तो वाहून जाणार. तो टिकला तो चिकणमातीमुळे. मातीचे आणि राखेचे थर वर बसले, पाण्याला आत यायला जागा राहिली नाही, आणि बोरॅक्स झाकलेलं राहिलं. काही ठिकाणी ते खोल गाडलं गेलं, आतल्या उष्णतेनं त्यातलं थोडं पाणी सुटलं आणि त्याचं कर्नाइट झालं. आजीच्या तव्यावर जे दोन मिनिटांत व्हायचं, त्याच जातीची गोष्ट, फक्त फार सावकाश.

कॅलिफोर्नियातला हा साठा इतका छान झाकलेला होता की वरून काही कळायला मार्ग नव्हता. १९१३ मध्ये कोणीतरी पाण्यासाठी खोदत होतं, पाण्याऐवजी कोलेमनाइट लागलं. आज तिथे जगातली एक सर्वांत मोठी उघडी खाण आहे आणि शेजारच्या गावाचं नावच बोरॉन आहे.

आता त्या गाळाचं आपण काय करतो ते बघा. काचेच्या लोकरीत बोरॉन आहे. ओव्हनमध्ये न तडकणाऱ्या काचेत आहे. लॅपटॉपच्या पडद्यामागच्या काचेत आहे. पवनचक्क्यांच्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारीत जी लोहचुंबकं असतात, त्यांत निओडिमियम आणि लोखंडाबरोबर तिसरं बोरॉन असतं. डाळिंब तडकायला लागलं की आपल्याकडचे शेतकरी बोरॉनची फवारणी करतात. भारतात बोरॅक्सची खाण नाही, आपण ते बाहेरून आणतो. म्हणजे सांगोल्याच्या डाळिंबावर जे पडतं, ते कुठल्यातरी आटलेल्या तळ्याचा तळ असण्याची शक्यता दाट आहे.

यात गैर काय? माझ्या रूममेटचं म्हणणं सरळ आहे. “अरे, ते तळं कोणाचं होतं का? कोणी बनवलं होतं का? निसर्गात पडलेली वस्तू आहे, ज्यानं कष्ट करून काढली त्याची.” हे म्हणताना त्याला माहीत नव्हतं की तो साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जॉन लॉकसारखा बोलतोय. लॉकचा मुद्दा साधारण असाच होता : निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो आणि त्यामुळे ती त्याची होते. त्यानं एक अट घातली होती, की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे उरलं पाहिजे. ही अट लोक बहुतेक वेळा विसरतात.

पण मला अट सोडून श्रमाच्या हिशोबातच गडबड दिसते. दहा ग्रॅमचं ११३ किलो कोणी केलं? आपण डिझेल जाळतो, खडक फोडतो, पाण्यात विरघळवतो, गाळतो. हे कष्ट खरे आहेत. पण आपण नेवाडा किंवा तुर्कस्तान का गाठतो? आपल्या अंगणातल्या दगडातही बोरॉन आहे की. आपण तिथे जातो कारण वेचून एका जागी आणायचं काम आधीच झालेलं असतं. बोरॅक्सच्या गोणीच्या किमतीत मजुरी असते, इंधन असतं, जहाजाचं भाडं असतं, सरकारची रॉयल्टी असते. दहा हजार पटींच्या त्या वेचणीचा रकाना कुठेच नसतो. श्रमानं मालकी येत असेल, तर या मालातले बहुतेक श्रम आपले नाहीत.

“मग कोणाला पैसे द्यायचे? तळ्याचा यूपीआय आयडी आहे का?” असं रूममेट म्हणाला आणि हसला. मीही हसलो. पण मुद्दा चुकीचा नव्हता. घेणेकरीच नसलेलं देणं म्हणजे काय?

माणसांच्या श्रमाचाही हिशोब इथे फारसा कोणी ठेवला आहे असं नाही. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १८८१ मध्ये आरन विंटर्स आणि त्याची बायको रोझी यांनी रात्री वाळवंटात पांढरा खार बशीत घेतला, त्यावर आम्ल आणि अल्कोहोल ओतलं आणि काडी लावली. ज्योत हिरवी झाली, म्हणजे बोरॉन सापडलं. लवकरच तिथे हार्मनी बोरॅक्स वर्क्स नावाचा कारखाना उभा राहिला. चिनी मजूर त्या भट्टीसारख्या दरीत जमिनीवरचा युलेक्साइटचा कापसासारखा थर खरवडून गोळा करायचे. उन्हाळ्यात कारखाना बंद ठेवावा लागे. माणसांची दया येऊन नव्हे, उन्हाळ्यात पाणी पुरेसं गारच होत नसे आणि स्फटिक पडत नसत म्हणून. तयार माल खेचरांच्या लांबलचक गाड्यांतून २६५ किलोमीटरवरच्या रेल्वे स्टेशनला जायचा. त्या वीस खेचरांचं चित्र आजही अमेरिकेत बोरॅक्सच्या खोक्यावर असतं. (खरं तर त्यात अठरा खेचरं आणि दोन घोडे असत.) खेचरं खोक्यावर राहिली. खार खरवडणाऱ्यांचं चित्र कोणी छापलं नाही.

आता फूल.

नेवाडातल्या सिल्व्हर पीक डोंगररांगेत ऱ्हायोलाइट रिज नावाची जागा आहे. साधारण साठ लाख वर्षांपूर्वी तिथेही ज्वालामुखीच्या प्रदेशातलं एक तळं होतं. त्याच्या गाळात बोरॉनबरोबर लिथियमही साठलं, दोन्ही एकत्र आणि दोन्ही काढण्याजोगं. हा योग फार कमी जागी जुळतो. पुढे जमीन उचलली गेली, झीज झाली आणि त्या गाळाचे पांढुरके थर उघडे पडले. त्या उघड्या थरांवर एक छोटी वनस्पती उगवते, टीम्स बकव्हीट. (ऑफिसच्या मीटिंगवाल्या टीम्सशी काही संबंध नाही. आर्नल्ड टीम या वनस्पती-अभ्यासकानं ती १९८३ मध्ये शोधली म्हणून हे नाव.) निळसर राखाडी पानं, वर पिवळसर गोंडा, उंची वीतभर. सगळ्या जगात ती फक्त तिथे आहे. सगळी मिळून साधारण दहा एकर जागा. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शेतकऱ्याचं रान असतं तेवढी.

बहुतेक झाडांना बोरॉन चिमूटभर लागतं आणि चिमटीच्या वर गेलं की विष होतं. या मातीत बोरॉन आणि लिथियम दोन्ही भरपूर आहे. तिथे दुसरी झाडं फारशी जमत नाहीत आणि त्या मोकळ्या जागेत ही झाली. म्हणजे ज्या तळ्यामुळे लिथियम-बोरॉनचा साठा आहे, त्याच तळ्यामुळे हे फूल आहे.

तिथे एक ऑस्ट्रेलियन कंपनी खाण करू पाहतेय. सप्टेंबर २०२० मध्ये हजारो झाडं उपटून खाल्लेली सापडली. आधी माणसांवर संशय गेला. डीएनए तपासल्यावर निघालं की दुष्काळात पाण्यासाठी तहानलेल्या उंदीर-खारींसारख्या प्राण्यांनी मुळं कुरतडली होती. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकन सरकारच्या वन्यजीव खात्यानं या वनस्पतीला धोक्यातली प्रजाती जाहीर केलं आणि भोवतालची ९१० एकर जागा तिचा महत्त्वाचा अधिवास ठरवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच सरकारच्या जमीन खात्यानं खाणीला मंजुरी दिली. आराखडा बदलून खड्डा फुलांच्या जागेपासून बाजूला सरकवला होता, पण अधिवासाच्या काही भागात काम होणारच होतं. पर्यावरणवादी कोर्टात गेले, त्यांच्याबरोबर तिथल्या मूळ रहिवाशांची, शोशोनी लोकांची, संघटनाही गेली.

खाणवाल्यांना खलनायक करणं सोपं आहे आणि मला ते करायचं नाही. त्यांचा मुद्दा भक्कम आहे. त्या लिथियमच्या बॅटऱ्या होतील, त्या बॅटऱ्यांवर गाड्या चालतील, पेट्रोल कमी जळेल. हवामान असंच तापत राहिलं तर फुलाला दुष्काळ आणि तहानलेल्या खारी मारणारच आहेत. मी स्वतः इलेक्ट्रिक स्कूटर चालवतो. हा लेख मी लिथियमवर लिहितोय आणि तुम्ही बहुधा लिथियमवरच वाचताय.

“एका फुलासाठी जग थांबवायचं का?” असं रूममेटनं विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, “त्याच्या बिया जपता येतील, हरितगृहात वाढवता येतील.” आणि बोलता बोलताच मला माझं वाक्य खटकलं. आमच्या धंद्यात एक म्हण झालीय : रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. तुमच्याकडे फाइल आहे, तारीख आहे, साइज आहे, सगळं हिरवं दिसतंय. आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी कळतं की ती फाइल उघडतच नाही, किंवा ती ज्या सर्व्हरवर चालायची तो सर्व्हरच आता नाही. हरितगृहात बी रुजेलही. पण ती परत लावायची कुठे? तिचा सर्व्हर म्हणजे साठ लाख वर्षांपूर्वीचा गाळ, आणि तो तर बॅटरीत गेलेला असेल.

तत्त्वज्ञानात या प्रश्नावर एक प्रसिद्ध कल्पनाप्रयोग आहे. १९७३ मध्ये रिचर्ड रूटली या तत्त्वज्ञानं तो मांडला. समजा, जगात शेवटचा एकच माणूस उरलाय. तो मरायच्या आधी दिसेल ते झाड, दिसेल तो प्राणी नष्ट करत सुटतो. कोणा माणसाचं काही नुकसान होत नाही, कारण माणूस उरलेलाच नाही. तरी त्यानं काही चूक केली का? बहुतेक लोक हो म्हणतात. मी हा प्रश्न ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचारून पाहिला, तिथेही हो म्हणाले. (एक जण म्हणाला, तो शेवटचा माणूस आपला मॅनेजर असेल.) यातून कळतं की निसर्गातल्या गोष्टींची किंमत फक्त आपल्या उपयोगापुरती असते, असं आपण मनातून मानत नाही.

पण हा प्रयोग इथे पुरत नाही. रूटलीचा माणूस उगाच नासधूस करतो, खाणवाला उगाच करत नाही. उधळपट्टी वाईट, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आपल्यासमोर आहे तो वापर, आणि तोही चांगल्या कारणासाठीचा. त्याचं काय?

काही दिवस मला वाटत होतं की उत्तर कृतज्ञतेत आहे. त्याला कारण होतं एक संशोधन. आरएनएचा कणा रायबोज नावाच्या साखरेचा असतो आणि ही साखर फार लवकर बिघडते. मग जीवसृष्टी सुरू होण्याआधी ती टिकली कशी? २००४ मध्ये स्टीव्हन बेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मिश्रणात बोरेट खनिज असेल तर रायबोज टिकतं. प्रयोगात त्यांनी कोलेमनाइट वापरलं होतं, म्हणजे किर्काच्या ताटात कडेला असतं तेच. यावरून काहींचा तर्क असा की आदिम पृथ्वीवर कुठेतरी बोरॉन साठलेल्या कोरड्या जागी जीवनाची सुरुवात झाली असेल. पक्कं कोणालाच माहीत नाही, पण शक्यता मोहक आहे. म्हणजे आपण अशाच कुठल्यातरी तळ्याची लेकरं! देणं सिद्ध झालं, असं मला रात्री दोन वाजता वाटलं.

सकाळी वाटलं नाही. कृतज्ञता देणाऱ्याबद्दल असते आणि देण्यात हेतू असतो. आजीनं टाकणखाराची लाही माझ्या तोंडात लावली ते तिचं देणं होतं, जरी औषध चुकीचं असलं तरी. तळ्यानं मला काही दिलं नाही. त्याला मी माहीत नव्हतो, त्याला काहीच माहीत नव्हतं. पाणी उडालं, मीठ राहिलं. त्यातून सगळी जीवसृष्टी निघाली असती तरी तळ्याचं माझ्यावर उपकाराचं ओझं होत नाही. कारण आणि उपकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरी देणं लागतं असं का वाटतं? मला आता वाटतं की आपण चुकीच्या टोकाकडून शोधत होतो. कोणी दिलं म्हणून देणं लागत नसेल, पण मी घेतलं म्हणून लागू शकतं. लायब्ररीतल्या पुस्तकावर मी चहा सांडला, तर त्या पुस्तकानं मला काही दिलं होतं का, लेखक हयात आहे का, हे प्रश्न गैरलागू आहेत. माझ्यानंतर ते वाचणार होता त्याच्यासाठी आता ते नाही, एवढं पुरे. आपल्या परंपरेत पितृऋण म्हणतात तेही बघा. पितर गेलेले असतात, त्यांना परत काही देता येत नाही, आणि तरी ते ऋण मानलं जातं. ते फेडायचं पुढच्यांना. घेणेकरी आणि ज्याला द्यायचं तो एकच असायला हवा, असं कुठे आहे?

असं पाहिलं की सगळ्या घेण्याचं वजन सारखं राहत नाही. पुन्हा होणारी गोष्ट घेतली तर देणं हलकं, एकदाच झालेली घेतली तर जड. बोरॅक्सचा खडक मी यात मध्ये ठेवेन. तोही माणसाच्या काळात पुन्हा होणार नाही, पण काचेतलं बोरॉन निदान जगात कुठेतरी राहतं, आणि खडकाला स्वतःचं काही बिघडत नाही. फूल सगळ्यात जड. लिथियम दुसरीकडून मिळू शकतं, जुन्या बॅटऱ्यांतून परत काढता येतं, कमी वापरता येतं. फुलाला दुसरी जागा नाही. म्हणून माझं मत असं की त्या दहा एकरांना आणि ती जगवणाऱ्या भोवतालच्या मातीला हात लावू नये, त्यासाठी माझी पुढची स्कूटर महाग झाली तरी.

हे लिहून मला लगेच बरं वाटलं, आणि म्हणूनच शंका आली. ‘लिथियम दुसरीकडून’ म्हणजे कुठून? सर्बियात यादर नदीच्या खोऱ्यात २००४ मध्ये एक नवीन खनिज सापडलं, यादराइट. त्यातही लिथियम आणि बोरॉन एकत्र आहे आणि तेही एका प्राचीन तळ्याच्या गाळातलं. त्याचं रासायनिक वर्णन सुपरमॅनच्या सिनेमातल्या क्रिप्टोनाइटशी जवळपास जुळलं म्हणून तेव्हा जगभर बातम्या झाल्या होत्या. तिथे दुर्मीळ फुलाचं भांडण नाही, तिथे शेतकरी आहेत. २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, २०२२ च्या जानेवारीत सरकारनं परवानग्या रद्द केल्या, २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ते रद्द करणंच बेकायदा ठरवलं, आणि लोक पुन्हा रस्त्यावर आले. माझं ‘दुसरीकडे’ हे कोणाचं तरी ‘इथे’ आहे. नेवाडातलं फूल वाचवून मी यादरचं शेत खणायला सांगत असेन, तर माझं मत फारसं स्वच्छ नाही. ‘कमी वापरा’ हाच एक पर्याय कोणाच्या अंगणात जात नाही, आणि तो मी तीन वर्षं चाललेला फोन बदलताना पाळला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मित्र लडाखला गेलो होतो. लेहहून त्सो मोरिरीकडे जाताना वाटेत थोडं वळून पुग्याची दरी लागते. उंची समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर. जमिनीतून वाफा येतात, गरम पाण्याचे झरे बुडबुडतात आणि आजूबाजूला पांढरा थर बसलेला असतो. त्यात बोरॅक्स आहे. बाकीचे फोटो काढत होते. मी खाली बसून तो थर बघत होतो. ज्या पहिल्या कडीबद्दल वाचलं होतं ती तिथे डोळ्यांसमोर चालू होती. या गरम पाण्यावर वीज करायच्या प्रकल्पासाठी २०२१ मध्ये ओएनजीसीनं करारही केलाय.

मी चिमूटभर थर उचलून कागदात गुंडाळला आणि खिशात टाकला. माझ्याच हिशोबानं हे घेणं हलकं होतं, झरे वाहतायत तोवर तो थर पुन्हा येणार. तरी परत ठेवावा का, असं गाडीत बसेपर्यंत वाटत होतं. ठेवला नाही.

पुग्याची दरी बंद नाही. झऱ्यांचं पाणी ओढ्याला मिळतं, ओढा सिंधूला, आणि सिंधू ते सगळं घेऊन कराचीच्या बाजूला समुद्रात सोडते.